तीन टाके अलीकडं, तीन टाके पलीकडं

बोरी अरब,
चैत्र वद्य सप्तमी, १९६१

तीर्थरूप सौ. विमलताई हिच्या पायांशी,

धाकटा भाऊ नानाजी डोके ठेवून नमस्कार करतो. इकडे सर्व मंडळी खुशाल असून तुमच्या घरची खुशाली कळावी म्हणून डोळे टपालवाल्याच्या वाटेकडे लागले आहेत. ती. भाऊजींची प्रकृती कशी आहे? हिवाळ्यात ते अंगाने भरले होते असे ऐकले. आता उन्हाळ्यात उतरले काय? नेमके किती, ते इंचात कळवावे. (काळजीपोटी विचारीत आहे, दुसरे काही मनात आणू नये.)

हुश्श. ताई, एवढं शुद्ध लिहिता लिहिता बोटं आखडली, अन् माह्या बोटांची आधीच काय दशा झाली आहे ते पुढं कळनच. आता आपल्या घरच्या बोलीत लिहितो. वर जे 'सर्व मंडळी खुशाल' लिहिलं तो रिवाज आहे, त्याच्यावर जाऊ नको. खरं विचारशीन तं मी मेलो. जितेपणी मेलो. विजयमालेचं लग्न एकोणीस दिवसांवर आलं, अन् ते होते का मोडते हे एका स्वेटरवर अडकून बसलं आहे. बाहेर ऊन असं का कावळे सावलीतून हलत नाहीत, अन् तुहा भाऊ लोकरीच्या नावानं रडून राह्यला.

सगळं पहिल्यापासून सांगतो. पोरगी पाह्यले महागावची मंडळी माघात आलती. मुलाचा बाप रामराव, तो दोन तास बसला अन् 'हूं'च्या पुढं काही बोलला नाही. बोलणारी त्याची बायको, तानाबाई. मुलगा तिकडं देहरादूनले मोजणीच्या सरकारी हापिसात नोकरीवर, त्याले रजा भेटली नाही, म्हणून त्याचा फोटो आणलता. तानाबाईनं पोरीले चालवून पाह्यलं, पेपर वाचून घेतला, भाकर थापून घेतली (गोल आली, हे मी नाही म्हणत, तिनंच म्हणलं) अन् मंग विचारलं, आमच्या बाबूकडं थंडी लय पडते, पोरीले विणकाम येते काय? आता त्या वेळेस 'नाही' म्हणलं असतं तं काय आभाळ कोसळत होतं वं? पोरीनं सांगायले तोंडही उघडलं होतं. पण माही जीभ! मी म्हणलं, येते म्हणजे काय, वेणीचा टाका असा घालते का नागपूरच्या बाया पाहात राह्यते. (हे वेणीच्या टाक्याचं नाव मले कुठून सुचलं? तू भाऊजींसाठी विणला त्या हिरव्या स्वेटरावरून. दिवाळीत तू दोन दिवस दुसरं काही बोललीच नाही. म्हणजे पाह्यलं तं मूळ दोष तुहा आहे. पण जाऊ दे.)

तानाबाई म्हणे, मंग बाबूसाठी पोरीच्या हातचा वेणीचा स्वेटर रुखवतात ठेवा, मी चार बायांत दाखवीन. अन् त्याच्या पुढचं ऐक. म्हणे, याच्या आधी मुकुटबनची सोयरीक आम्ही सुपारी फुटल्यावर मोडली. पोरगी सातवी पास सांगतली अन् तिले सही करता येत नव्हती. आम्हाले काही न येणारी पोरगी चालन, खोटी पोरगी नाही चालणार. हे बोलून तिनं सुपारी कातरली, चूर्ण केल्यासारखी बारीक.

पाहुण्यांची बंडी पांदणीले लागली नाही तं पोरीनं मले बैलांच्या कोठ्यात गाठलं. "बाबा, मले सुया कोन्त्या हातात धरते तेही माहीत नाही. खरं सांगून टाकू काय त्याहिले?" मी म्हणलं, माय, बापाच्या तोंडावर माती नको टाकू, तीन महिने आहेत, शिकून घे. तं म्हणे, "तुमी म्हनलं, तुमीच इना." अन् बैलांपुढं कुटार टाकायले निघून गेली. मलेही राग आला. म्हणलं, मोडते तं मोडू दे. पण दोन दिवसांनी तिची वही चाळली (हिशेबाचा कागद पाहात होतो, चोरून नाही) तं त्या वहीत नवरदेवाचा तो फोटो. तानाबाई तो घेऊन जायचा विसरली नव्हती. पोरीनंच ठेवून घेतला होता. ताई, ज्या पोरीनं आजपर्यंत मले साधी रिबन मांगतली नाही, तिले हे एक पायजे होतं, अन् ते माह्या जिभेपायी जायची पाळी आलती. त्याच संध्याकाळी उठून मी सायकलच्या चाकाचे दोन आरे काढले, दगडावर घासून गुळगुळीत केले अन् सुया केल्या.

तू म्हणशीन, बायकोले काहून नाही बसवलं? तुही भावजय कपाशीच्या घरची लेक, कपाशीच्याच घरी आली, लोकर तिनं फक्त मेंढीवर पाह्यली. (हे वाक्य ध्यानात ठेवजो, पुढं लागन.) अन् तुले तवाच काहून नाही कळवलं? त्या बैलाच्या वेळेस तू बजावलतं ना, का यापुढं तुह्या थापा निस्तरायले मले पत्र टाकू नको. तो बैल एका डोळ्यानं आंधळा होता हे मले मान्य आहे. मी घेणाऱ्याले 'जरा लाजाळू आहे' म्हणलं, यात एवढं चिडण्यासारखं काय होतं हे मले अजूनही कळलं नाही.

तं शिकायचं कुठं? आपल्या गावात ब्लॉकच्या हापिसातून एक ग्रामसेविका येते, दर गुरुवारी, बापूजी पाटलाच्या आंगणात महिला मंडळ भरवते. तिथं बायाच बाया. मी आपला तुराट्यांच्या कुडामांगं उकिडवा बसलो, फटीले डोळा लावला अन् मांडीवर बाजारातून आणलेली हिरवी लोकर घेतली. चार गुरुवार असा बसलो. घरी सांगे का वावरात चाललो. सुलटा टाका शिकलो, उलटा शिकलो, पण विणलेलं सगळं उलटंच दिसे. कारण लय दिवसांनी समजलं. बाई माह्याकडं तोंड करून बसे, तं तिचा उजवा हात माह्या डाव्या अंगाले. मी जसं दिसलं तसं शिकलो, म्हणजे सगळं विणकाम डाव्या हातानं. पाचव्या गुरुवारी बाईनं वेणीचा टाका काढला. मी उठून फटीवर नीट टेकलो, अन् कुडाले वाळवी लागलेली होती. कुड, मी, लोकरीचा गुंडा अन् दोन आरे, सगळं मिळून बायांच्या मधात जाऊन पडलो.

एवढी शांतता मी आजोबाच्या तेराव्यालेही पाह्यली नाही. एखाद्या बाईनं मले झोडपलं असतं तं बरं झालं असतं. पण ग्रामसेविकेनं माह्या हातातला तुकडा उचलला, उलटापालटा करून पाह्यला अन् म्हणाली, "टाके घट्ट आहेत काका, पण सारखे आहेत. या, पुढे बसा." तवापासून मी महिला मंडळाचा सभासद आहे. चावडीवर मले आता कोणी नानाजी म्हणत नाही. काय म्हणते ते मी लिहीत नाही.

तुले वेणीचा टाका माहीत आहे, पण मले तो कसा भोगावा लागला हे समजावं म्हणून लिहितो. सहा टाक्यांची पट्टी धरायची. पाच ओळी सरळ जाऊ द्यायच्या. सहाव्या ओळीले पहिले तीन टाके एका तिसऱ्या सुईवर उचलून बाजूले टांगून ठेवायचे (मी बोरे-पोते शिवायची दाभण घेतली, दोनदा मांडीत गेली), मांगचे तीन आधी विणून घ्यायचे, अन् मंग टांगलेले तीन. म्हणजे मांगचे पुढं, पुढचे मांगं, अन् पीळ पडते. तीन टाके अलीकडं, तीन टाके पलीकडं. सांगायले एवढंच आहे. पण ओळ पाचवी का सहावी हे ध्यानात कसं राहावं? मी शक्कल काढली. एक ओळ सुरू केली का ओट्यावर एक सरकी ठेवायची. सहा सरक्या झाल्या का पीळ. आपल्या घरात मोजायले सरकीशिवाय दुसरं आहे तरी काय? आठ दिवस हे असं चाललं. पण दरवेळेस पाह्यलं का सरक्या चारच. मी विणून राह्यलो, विणून राह्यलो, सहा काही भरत नाहीत. हातभर पट्टी झाली, तिच्यात पीळ म्हणून एक नाही. मंग एका दुपारी हात थांबवून वर पाह्यलं तं आपला ढवळ्या बैल मान लांब करून माही ओळ चाटून गेला. ढवळ्याले सरकी आवडते हे साऱ्या गावाले माहीत आहे, मलेच सुचलं नाही. हातभर उसवलं. त्या दिवशी मी ढवळ्याले बोलू नये ते बोललो, अन् मंग त्याच्या गळ्यात पडून रडलो.

दुसरं दुखणं असं का वेण्या दोन पायजे, छातीच्या दोन्ही अंगाले, अन् दोन्हीचे तोंड एकमेकीकडं. माह्या दोन्ही एकाच दिशेले पळत. सहा वेळा विणलं, सहा वेळा उसवलं. ऊन वाढत गेलं तशी लोकर घामानं हाताले चिकटे, मांडीवर घामोळं उठलं. लोकं अंगावरचे कपडे काढून निंबाखाली पडलेले, अन् मी स्वेटर विणून राह्यलो. पोरगी समोरून जाई, पाही अन् आपल्या कामाले लागे. एकदा पाण्याचा गडू ठेवून गेली फक्त.

शेवटी तारलं ते तांड्यावरच्या रामीबाईनं. आपल्या देवसिंगची माय, तुले आठवत असन, आपल्याकडं कापूस वेचाले येत होती. देवसिंग बंडी घेऊन आलता, ती बंडीवरून उतरली अन् माह्यापुढं येऊन बसली. हातभर चुडे, अंगावर आरशांची काचोळी, सगळी तिच्याच हातची. माहं तोंड पाहून म्हणे, "कायले रडून राह्यला, नाना? हे तं दोर हाय." मी म्हणलं, बाई, ही लोकर आहे. ती म्हणे, "लोकर असन नाही तं अंबाडी असन. बैलाचा दोर वळते तवा जो हात वर, तिकडं पीळ. एका अंगाले हा हात वर घे, दुसऱ्या अंगाले तो." तिनं अंबाडीच्या दोन बटा घेतल्या, मांडीवर एक इकडून वळली, एक तिकडून वळली, अन् दोन्ही माह्या मांडीवर ठेवल्या. ताई, तीस वर्ष मी दोर वळून राह्यलो. तीस वर्ष! डावीकडच्या वेणीले टांगलेले टाके पुढून घ्यायचे, उजवीकडच्या मांगून, बस. देवसिंग हसून म्हणे, "याडीले देहरादूनले धाडून द्या, नाना." (याडी म्हणजे त्यांच्या बोलीत माय.) तिनं जाता जाता विचारलं, छातीवर कवड्या अन् आरसे लावून देऊ काय, नवरदेव उजळन. मी हात जोडले.

तवापासून जे विणलं ते काय विणलं! दोन वेण्या समोरून, एक मांगून, बाह्यांवर एक एक. गेल्या सोमवारी शेवटचा टाका बंद केला. ओसरीवर उभा राहून मी तो अंगाले लावला, चैत्रातल्या उन्हात, अन् पोरगी पह्यल्यांदा हसली. म्हणे, "बाबा, वेण्या एकमेकीकडं पाहून राह्यल्या." ताई, मले वाटलं आपलं आता सगळं निभावलं. मी न्हाऊन निवांत झोपलो. तेच चुकलं.

स्वेटराले वास येत होता. का येणार नाही? अडीच महिने माहा घाम, ढवळ्याची लाळ, अन् कुठं कुठं हळदीची बोटं. तुह्या भावजयीनं मनात आणलं का नवरदेवाची वस्तू, स्वच्छ करून ठेवू. बिचारीनं मायेनं केलं, तिले मी एक शब्द बोललो नाही (बोललो, पण नंतर माफी मांगतली). आपल्या घरी पांढरं कसं धुते? तिनं चुलीवर हंडा चढवला, सोडा टाकला, माहं नवं धोतर टाकलं, त्याच्यावर स्वेटर टाकला अन् चांगली उकळी येऊ देली. मंग दगडावर ठेवून मोगरीनं धोपटला. कपाशीच्या कपड्याले जे जे करते ते सगळं केलं, एक कसर ठेवली नाही. मी उठलो तं ती दोरीजवळ उभी होती, अन् म्हणे, "अवो, ह्याले काय झालं?"

ताई, त्याले काय झालं ते लिहायले हात उठत नाही. दीड हात स्वेटर एक वीत झाला. वेण्या आहेत, सगळ्या आहेत, एक टाका सुटला नाही, उलट जास्त उठून दिसते, पण स्वेटर सव्वा वर्षाच्या लेकराले आला तं आला. देहरादूनच्या बाबूचा त्याच्यात मनगटापर्यंत हात जाईन. अन् माहं धोतर हिरवंगार झालं. दुसरं धोतर लग्नासाठी ठेवलं आहे, म्हणून चार दिवसांपासून मी हिरव्या धोतरात हिंडून राह्यलो. पोरीनं तो स्वेटर पाह्यला, घडी घातली अन् आपल्या पेटीत ठेवला. रडली असती तं मले बरं वाटलं असतं. आता नवी लोकर नाही, दिवस नाहीत, अन् बोटांत जीव नाही. तानाबाई सुपारी परत करन अन् माहीच पोरगी मले जन्मभर समोर दिसन.

असो. तुले फक्त मन मोकळं करायले लिहिलं, बाकी काही मांगणं नाही. भाऊजींस नमस्कार, लेकरांस आशीर्वाद. लग्नाले सगळ्यांनी आठ दिवस आधी यावं.

तुहा अभागी भाऊ,
नानाजी

ता. क. मांगणं नाही म्हणलं, पण आता आठवलंच तं लिहितो. भाऊजींचा तो हिरवा वेणीवाला स्वेटर उन्हाळ्यात तसाही पेटीतच पडला असन. तो पाठवून दे. भाऊजींची अन् नवरदेवाची छाती एकच असावी असा माहा अंदाज आहे, म्हणून वर इंच विचारले. त्यांना सांगजो का कसर लागली.

दुसरा ता. क. कॉलरीच्या आत तू भाऊजींच्या नावाचं अक्षर काढलं आहे, ते उसवून पाठव. अन् पोरीले यातलं काही माहीत नाही, म्हणून पोह्यांच्या पोत्यात घालून पाठव. यानंतर थापा बंद, तुही शपथ.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहून राह्यलो. ताई, काल तानाबाई आली! काही न कळवता, बांगड्यांचं माप न्यायले. मी बंडी पाह्यली, बंडीवर रामराव पाह्यला अन् कोठ्यात जाऊन कुटारात दडलो. तिथून सगळं ऐकू येत होतं. पोरीनं तिले पाणी देलं, अन् मंग पेटीतून तो वीतभर स्वेटर काढून ताटात ठेवला अन् ते ताट तिच्यापुढं केलं. म्हणे, "आत्याबाई, मले इनता येत नाही. बाबा खोटं बोलले. मंग त्याहिनंच अडीच महिने बसून इनला, अन् मायनं उकळला." बस, एवढंच. मी कुटार आणखी अंगावर ओढून घेतलं. मंग तानाबाईचा आवाज आला, "व्याही कुठी हायेत?" मी बाहेर आलो. डोक्यात कुटार, कमरेले हिरवं धोतर. तिनं धोतराकडं पाह्यलं, स्वेटराकडं पाह्यलं, उलटा करून आतले टाके पाह्यले. म्हणे, "पोरगी खरी हाय. आमाले पोरगी न्यायची हाय, बाप नाही." जाता जाता म्हणे का रुखवतात हाच ठेवा, चिठ्ठी लावा का बापानं विणला. दोन वर्षांनी कामी येईन. पोरगी लाजून आत पळाली, अन् रामराव बंडीवरून पह्यल्यांदा 'हूं'च्या पुढं बोलला. म्हणे, "चाला."

तं भाऊजींचा स्वेटर पाठवू नको. वरचं वाचता वाचताच त्यांना कसर लागली असं सांगतलं असशीन तं आता लागली नाही असं सांग. पाठवायचे तं त्याच हिरव्या लोकरीचे दोन गुंडे पाठव. पोरगी म्हणते, स्वेटरासोबत वेणीची कुंची पायजे, अन् ती तिले स्वतःच्या हातानं करायची आहे. म्हणून आता दुपारी ओसरीवर आम्ही दोघं बसतो, उरलेल्या लोकरीवर मी तिले शिकवतो. तीन टाके अलीकडं, तीन टाके पलीकडं. पोरगी हुशार आहे वं. आज पह्यल्याच दिवशी तिची वेणी बरोबर आली, माहीपेक्षा चांगली. मी म्हणलं, चुकली, उसव. तिनं उसवली अन् पुन्हा घातली, तं पुन्हा बरोबर. मी पुन्हा म्हणलं, चुकली.

लग्नाले सोळा दिवस राह्यले. लोकर सावकाश पाठवली तरी चालन. अन् मी वर थापा बंद म्हणून शपथ घेतली आहे, तं हे पोरीले सांगू नको.